रोज संध्याकाळी अंगावर गांधी उठतात, पण ॲलर्जी कशाचीच नाही. मग बटण दाबतंय कोण?

खाजरी_संध्याकाळ :

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता खाजवता खाजवता टंकायची वेळ आली आहे.

साडेचार महिने झाले. रोज संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरुवात होते. आधी मनगटाला आतून चुणचुण, मग पट्ट्याच्या जागी, मग मांड्यांवर. लालसर, फुगीर, वेड्यावाकड्या कडांच्या गांधी. रात्री एकपर्यंत अंगभर नकाशा तयार. सकाळी उठावं तर अंग कोरं करकरीत. डॉक्टरांकडे जावं तर दाखवायला काही नसतं! दोनदा ओठही सुजला.

मग मी सगळे करतात तेच केलं. रक्ताची ती मोठी ॲलर्जी तपासणी करून घेतली. अहवालात अकरा गोष्टी 'सौम्य पॉझिटिव्ह'. दूध, अंडी, गहू, शेंगदाणे, धूळ, झुरळ वगैरे. अकराच्या अकरा बंद केल्या (झुरळं खात नव्हतेच म्हणा). सात आठवड्यांत वजन सहा किलो उतरलं, गांधी एकही उतरली नाही.

आता त्वचारोगाच्या नव्या डॉक्टर म्हणतात, "ही ॲलर्जी नाहीच. बाहेर कारण शोधत बसू नका. तुमच्या मास्ट पेशी स्वतःहून फुटताहेत." गोळी रोज घ्यायची, गांधी असोत वा नसोत. एवढं ऐकून पाच मिनिटांत मी बाहेर.

माझा प्रश्न साधा आहे. 'स्वतःहून' म्हणजे काय? पेशीला काय मन असतं, की आज संध्याकाळी फुटू या? कोणीतरी बटण दाबत असेलच ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा. घरगुती उपाय कृपया नकोत, सगळे करून झालेत.


उगाचच :

पहिला! 'गांधी उठतात' असं शोधून पाहिलं, सगळी इतिहासाचीच पानं आली.

गंभीर प्रतिसाद जाणकार देतीलच.


मोरपंखी :

ताई, नावातच उत्तर आहे की. अंगावर पित्त उठतं म्हणतात ते उगाच का? उष्णता वाढली की ते वाट शोधतं. जागरण बंद करा, वेळेवर झोपा, चिडचिड कमी करा.


खाजरी_संध्याकाळ :

@मोरपंखी, जागरण मी हौसेने करत नाही हो. रात्री एक वाजता दोन्ही हातांनी पाठ खाजवताना झोप कशी लागायची ते सांगा, लगेच झोपते.


शेपूट :

प्रतिकारशक्ती कमी झाली असणार. ती वाढवा, सगळं आपोआप बंद होईल.


तिरकी_रेघ :

@शेपूट, कुंपणच शेत खातंय आणि तुम्ही कुंपणाला खत घाला म्हणताय.


पेशींची_पेशवीण :

धागा उघडला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. आधीच सांगते, मी रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत बसून याच मास्ट पेशी वाढवणारी, रंगवणारी आणि फोडणारी आहे. तेव्हा औषध काय घ्यायचं ते मला विचारू नका, पेशीबद्दल हवं ते विचारा.

पहिली गोष्ट, या पित्ताचा यकृतातल्या पित्ताशी काडीचा संबंध नाही. जुना शब्द आहे, राहू द्या, मीही घरी तोच वापरते. पण त्यावरून उपाय काढू नका.

मास्ट पेशी रक्तात फिरत नाहीत. त्यांची पूर्वज पेशी अस्थिमज्जेतून निघते, ऊतींमध्ये शिरते आणि तिथेच मोठी होते. मुक्काम कुठे, तर जिथे शरीर बाहेरच्या जगाला भिडतं तिथे. त्वचा, नाक, श्वासनलिका, आतडं. त्यातही बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंच्या अगदी कडेला. पेशीचं पोट दाण्यांनी गच्च भरलेलं असतं. पॉल एर्लिख या जर्मन विद्यार्थ्याने 1878 च्या प्रबंधात या पेशी रंगवून दाखवल्या, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याला वाटलं की ही पेशी खाऊन खाऊन टम्म झाली आहे, म्हणून नाव दिलं 'मास्टत्सेलन'. जर्मनमध्ये मास्ट म्हणजे जनावर पोसून लठ्ठ करणं. अंदाज चुकला, नाव चिकटलं. ते दाणे म्हणजे खाऊ नसून दारूगोळा आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. हिस्टामिन हे रसायन या पेशींत साठवलेलं असतं हे तर 1953 मध्ये रायली आणि वेस्ट यांनी दाखवलं.

पेशी फुटते म्हणतात ते तितकंसं खरं नाही. ती मरत नाही. दाणे बाहेर ओतते आणि पुन्हा भरायला घेते, त्याला दिवस-आठवडे लागतात. ओतलेलं हिस्टामिन शेजारच्या रक्तवाहिनीला सैल करतं, तिच्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं, ती तुमची फुगवटी. मज्जातंतूला डिवचतं, ती खाज. तंतूमधून संदेश उलटा पसरतो आणि भोवतीच्या वाहिन्या रुंदावतात, ती लाली. काही तासांत पाणी पुन्हा शोषलं जातं, म्हणून सकाळी अंग कोरं. एकेक गांधी चोवीस तासांच्या आत मावळते, नवी दुसरीकडे उठते. पूर्ण आजार महिनोन्‌महिने आणि प्रत्येक गांधी काही तासांची पाहुणी, असा हा प्रकार. सहा आठवड्यांच्या वर चाललं की त्याला जुनाट म्हणतात.

आता तुमचं बटण. खरं तर बटणं, अनेकवचनी. ती पुढच्या प्रतिसादात लिहिते, इथे कोणीतरी हाक मारतंय.


उगाचच :

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. आणि ऐन वेळी 'कोणीतरी हाक मारतंय' म्हणून थांबणाऱ्यांचा निषेध.


वाटाड्या :

पेशवीणबाई, लिहाल तेव्हा एक शंका घ्या. शेंगदाण्याच्या ॲलर्जीतही मास्ट पेशी, हिस्टामिन आणि गांधी. धागाकर्तीलाही मास्ट पेशी, हिस्टामिन आणि गांधी. मग डॉक्टर 'ॲलर्जी नाही' कशाच्या जोरावर म्हणतात? उद्या सापडेल एखादी बारावी वस्तू, जी त्या अहवालात नव्हती. माझ्या मेहुण्याला दोन वर्षं असंच 'कारण नाही' म्हणाले आणि शेवटी एका रंगामुळे होतं ते निघालं. कारण नाही म्हणजे शोधलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.


पेशींची_पेशवीण :

@वाटाड्या, शंका रास्त आहे. उत्तर लांबेल.

मास्ट पेशीच्या अंगावर आयजीई नावाच्या अँटीबॉडीसाठी (ठरावीक वस्तू ओळखून पकडणारं, शरीराने बनवलेलं प्रथिन) रिसेप्टर, म्हणजे तिला बसायच्या खाचा, असतात. वाय आकाराच्या त्या अँटीबॉडीचं शेपूट रिसेप्टरमध्ये घट्ट रुतलेलं (@शेपूट, तुम्ही नव्हे) आणि दोन हात बाहेर. नुसती आयजीई बसून काही होत नाही. एकाच वस्तूने शेजारच्या दोन आयजीई धरल्या, त्यामुळे दोन रिसेप्टर एकमेकांजवळ ओढले गेले, की बटण दाबलं गेलं. सगळा खेळ त्या ओढले जाण्याचा.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीत काय होतं? आधी कधीतरी रोगप्रतिकार यंत्रणेने त्या प्रथिनाची ओळख चुकीच्या खात्यात नोंदवलेली असते. डेंड्रिटिक पेशी तुकडा आणून दाखवतात, टी पेशींचा एक गट (टीएच-2 म्हणतात) आयएल-4 आणि आयएल-13 हे निरोप धाडतो, त्यावरून बी पेशी आयजीई बनवू लागतात. ती आयजीई अंगभरच्या मास्ट पेशींवर जाऊन बसते. साप समजून भुई धोपटायची तयारी पूर्ण. पुढच्या वेळी शेंगदाणा आला की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, भडका. खाल्लं की होतं, नाही खाल्लं की नाही. ही वेळेची जोडी हाच खरा पुरावा.

खाजरी_संध्याकाळ यांच्या बाबतीत ती जोडीच नाही. अकरा गोष्टी बंद आणि तरी रोज. बारावी वस्तू रोज संध्याकाळी बिनचूक अंगात जातेय आणि साडेचार महिने लक्षात येत नाही, हे कठीण आहे.

तिथे रिसेप्टर ओढणारा हात घरातलाच असतो. आतापर्यंत दोन वाटा चांगल्या कळल्या आहेत. एकीत शरीर स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध आयजीई बनवतं, उदाहरणार्थ थायरॉइडमधलं पेरॉक्सिडेज किंवा आयएल-24. म्हणजे स्वतःचीच ॲलर्जी. दुसरीत आयजीजी जातीच्या अँटीबॉडी थेट त्या रिसेप्टरलाच, नाहीतर त्यावर बसलेल्या आयजीईला पकडतात. मध्ये कुठलीही वस्तू लागतच नाही. 1993 मध्ये जुनाट गांधीच्या काही रुग्णांच्या रक्तात अशा अँटीबॉडी सापडल्या, त्याआधी हा आजार बहुतेकदा 'कारण अज्ञात' म्हणून सोडून दिला जाई.

म्हणजे 'स्वतःहून' हा डॉक्टरांचा लघुलेख आहे. त्याचा अर्थ 'बाहेरचं ठरावीक कारण नाही'. बटण दाबलं जातंय, पण बोट आतलं आहे.

आणि त्या 'सौम्य पॉझिटिव्ह' बद्दल. रक्तात एखाद्या वस्तूविरुद्ध थोडी आयजीई दिसणं आणि त्या वस्तूची ॲलर्जी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठणठणीत माणसांच्या रक्तातही ती दिसते. जुनाट गांधीसाठी अशा सरसकट तपासण्या करू नयेत असंच सांगितलं जातं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तुमच्याकडे संन्यासी अकरा.


खाजरी_संध्याकाळ :

__/\__

'बोट आतलं आहे.' हे एक वाक्य डॉक्टरांनी सांगितलं असतं तर सहा किलो वाचले असते.


दुपारची_झोप :

आयजीईवरून आठवलं. ही अँटीबॉडी सापडायच्या आधी ती रक्तातच आहे हे दोघा जर्मन डॉक्टरांनी ज्या पद्धतीने दाखवलं ते वाचून मी थक्क झालो होतो. 1921, प्राउसनिट्स आणि क्युस्टनर. क्युस्टनरला माशाची ॲलर्जी, प्राउसनिट्सला नाही. प्राउसनिट्सने मित्राच्या रक्ताचा द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत टम्म गांध! शेजारच्या कातडीला काहीच नाही. म्हणजे ॲलर्जी एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेता येते, तीही एका थेंबाएवढ्या जागेपुरती.

तो 'घटक' नेमका कोण हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. इशिझाका पती-पत्नी अमेरिकेत आणि योहान्सन-बेनिच स्वीडनमध्ये, दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी. 1968 मध्ये नाव ठरलं आयजीई.

(आता असा प्रयोग केला तर नैतिकता समिती दोघांनाच टोचेल.)


पेशींची_पेशवीण :

@दुपारची_झोप, अगदी. गंमत म्हणजे टोचल्यावर एक दिवस का थांबायला लागलं, त्याचंही उत्तर आता आहे. आयजीईला जाऊन मास्ट पेशींवर बसायला वेळ लागतो. रक्तात मोकळी फिरणारी आयजीई दोन-तीन दिवसांत निम्मी होते, पण पेशीवर बसली की आठवडेच्या आठवडे ठाण मांडते.


गुडघ्याला_बाशिंग :

माझ्याकडे 'बाहेरचं' कारण आहे. थंडी. बर्फाचा तुकडा हातावर पाच मिनिटं ठेवून काढला की हात गरम होताना तुकड्याच्याच आकाराची गांध उठते, चौकोनी तर चौकोनी. डॉक्टरांनी निदानही असंच केलं.

कॉलेजात असताना हे माहीत नव्हतं. पोहायच्या तलावात थंडगार पाण्यात सूर मारला, चार हात पोहलो, आणि डोळ्यांपुढे अंधार. काठावरच्या मुलांनी ओढून काढलं. एकाच वेळी अख्ख्या अंगाच्या मास्ट पेशींनी दाणे ओतले तर रक्तदाब धाडकन कोसळतो, हे नंतर कळलं. तेव्हापासून ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जवळ असतं. ज्यांना थंडीने गांधी येतात त्यांनी एकट्याने थंड पाण्यात उतरू नये, एवढं कृपा करून लक्षात ठेवा.

प्रश्न : थंडी काही अँटीबॉडीचे हात ओढत नसेल. मग माझं बटण कुठलं?


अबोल_टाचणी :

माझं घाम. व्यायाम केला, जिना चढले, भर बैठकीत कोणी अचानक प्रश्न विचारला, की टाचणीच्या डोक्याएवढ्या शेकडो पुटकुळ्या. तासाभरात गायब. बॉसला वाटतं लाजते.


तिरकी_रेघ :

माझ्या हातावर नखाने काहीही लिहा, पाच मिनिटांत ठळक टंकात उमटतं. शाळेत परीक्षेत सूत्रं लिहून नेता आली असती, तेव्हा हे लक्षात आलं नाही हा जन्माचा सल.


उगाचच :

@तिरकी_रेघ, उत्तरपत्रिकेआधी पुरावा पुसला जातो, म्हणजे आदर्श कॉपी.


पेशींची_पेशवीण :

@गुडघ्याला_बाशिंग, @अबोल_टाचणी, @तिरकी_रेघ, तुमचा गट वेगळा. ठरावीक चेतवणीने होणाऱ्या गांधी : थंडी, घाम, ओरखडा, ऊन, दाब. (दाबाच्या गांधी चार-सहा तास उशिराने येतात, म्हणून जड पिशवी सकाळी उचलली आणि हात संध्याकाळी सुजला हे जोडलंच जात नाही.) काहींना स्वतःहून येणाऱ्या आणि चेतवणीच्या, दोन्ही असतात. म्हणून @खाजरी_संध्याकाळ, पट्ट्याच्या जागी येतात हे डॉक्टरांना नक्की सांगा.

थंडीने पेशी नेमकी कशी चेतते हे एका वाक्यात सांगण्याएवढं सोपं नाही. पण मास्ट पेशीला आयजीईशिवाय आणखीही बटणं आहेत. त्यातलं एक एमआरजीपीआरएक्स-2. मज्जातंतूंच्या टोकांतून येणारा सबस्टन्स-पी ते दाबतो. काही औषधंही दाबतात. व्हँकोमायसिन, फ्लोरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविकं, शस्त्रक्रियेत स्नायू सैल करायला देतात त्यांतली काही. अशा वेळी पहिल्याच डोसला, आधी कधी ओळख झालेली नसतानाही, ॲलर्जीसारखंच सगळं होतं. दिसायला तेच, वायरिंग वेगळं.


सोंगटी :

औषधांचा विषय निघाला म्हणून. मला वर्षभर अधूनमधून गांधी यायच्या, पण ज्या दिवशी डोकेदुखीची गोळी घ्यावी त्या रात्री अक्षरशः होळी. मी समजत होते की गांधी येणार असतात म्हणून आधी डोकं दुखतं! डॉक्टरांनी दिनदर्शिका भरायला लावली तेव्हा उलटं निघालं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी जुनाट गांधी असलेल्या बऱ्याच जणांचं दुखणं चाळवतं म्हणे. कारण नव्हे, पण आगीत तेल. आता पॅरासिटामोलवर भागवते.

थोडं अवांतर : वडिलांची जीभ आणि ओठ सुजायचे, पण खाज नाही, गांधी नाहीत. ॲलर्जीच्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. ते रक्तदाबाच्या एसीई-इनहिबिटर गटातल्या गोळीमुळे होतं. तिथे हिस्टामिन नव्हे तर ब्रॅडिकायनिन नावाचं दुसरंच रसायन. मास्ट पेशी बिचारी त्यात नव्हतीच. गोळी बदलली, थांबलं.


वाटाड्या :

@सोंगटी, बघा! शोधलं म्हणून सापडलं. माझं म्हणणं हेच होतं.


सोंगटी :

@वाटाड्या, अर्धं. गोळी टाळून होळी थांबली, निखारे तसेच आहेत. गांधी अजून येतात.


पैलतीर :

इतकं सगळं वाचून एकच वाटतं. ताण कमी करा. हे सगळे मनाचे खेळ. माझ्या बहिणीला नोकरी सोडल्यावर आठवड्यात आराम पडला.


अबोल_टाचणी :

@पैलतीर, तुमचा हेतू चांगला असेल, पण 'मनाचे खेळ' हे ऐकून ऐकून कान किटले. अकरावीत असताना घरच्यांनी मला चार महिने गोळी दिली नाही, कारण 'अभ्यास टाळायला करते'. हात सुजून पेन धरता येत नव्हतं. मनाचा खेळ असता तर मीच जिंकले असते.


पैलतीर :

क्षमस्व. तसं म्हणायचं नव्हतं.


पेशींची_पेशवीण :

दोघांचंही थोडं थोडं. ताणाने चाळवतं हे पुष्कळ रुग्ण सांगतात, आणि मज्जातंतू व मास्ट पेशी एकमेकांना चिकटून बसलेल्या असतात हे वर आलंच आहे. पण चाळवणं म्हणजे कारण नव्हे. शिवाय रात्र रात्र झोप नाही म्हटल्यावर ताण येणारच, मग कोंबडी आधी की अंडं?


अर्धविराम :

मी सहा वर्षांचा अनुभवी. लिहावं की नाही असं चाललं होतं, पण धागाकर्तीच्या 'गांधी असोत वा नसोत रोज गोळी' या वाक्यावर थांबलो. मी पहिली दोन वर्षं हीच चूक केली. गांधी उठल्या की गोळी घ्यायची, नाही उठल्या की वाचवायची. ही गोळी काही मास्ट पेशीला थांबवत नाही. ती हिस्टामिनच्या रिसेप्टरला झोपलेल्या स्थितीत धरून ठेवते. हिस्टामिन येऊन बसल्यावर गोळी घेणं म्हणजे पाहुणे घरात शिरल्यावर दाराला कडी.

माझा प्रवास : एका गोळीने फरक नाही. डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने चौपटीपर्यंत नेली (या नव्या, झोप न आणणाऱ्या गोळ्यांबाबत तशी पद्धत आहे, पण त्यांच्या सांगण्यावरूनच, स्वतःच्या मनाने नाही). थोडा फरक. मधल्या काळात एका ठिकाणी स्टिरॉइड सुरू केलं होतं. चार दिवस स्वर्ग, थांबवलं की दुप्पट. ते महिनोन्‌महिने घ्यायचं औषध नव्हे हे चेहरा सुजल्यावर कळलं.

मग ओमालिझुमॅबचं इंजेक्शन, दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम. मोकळी आयजीई ते टिपून घेतं. आयजीई नाही म्हटल्यावर पेशीही आपले रिसेप्टर आवरून घेते. मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी चमत्कार. पहिलं झालं, काही नाही. दुसरं झालं, काही नाही. तिसऱ्यानंतर एका गुरुवारी संध्याकाळी लक्षात आलं की सात वाजून गेलेत आणि मी खाजवत नाहीये. बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "हळू बोल, ऐकेल ते." अजूनही घरात आम्ही त्याचं नाव घेत नाही.

खिशाला जड आहे, आणि सगळ्यांना लागू पडतं असंही नाही. माझ्याबरोबर सुरू केलेल्या एका बाईंना आठवड्यातच गुण आला, दुसऱ्या एकांना मुळीच नाही. त्यांना सायक्लोस्पोरिन (प्रतिकार यंत्रणा दाबणारं औषध) द्यावं लागलं.


वाटाड्या :

@अर्धविराम, ते इंजेक्शन आयजीई टिपतं. पण पेशवीणबाईंच्या दुसऱ्या वाटेत दोषी तर आयजीजी आहे. मग तिथे याचा उपयोग काय? कुठेतरी हिशोब चुकतोय.


पेशींची_पेशवीण :

@वाटाड्या, तुम्ही आमच्या प्रयोगशाळेत का येत नाही?

प्रश्न नेमका आहे. ज्यांचं बोट स्वतःविरुद्धची आयजीई आहे त्यांना बहुधा लवकर गुण येतो, दिवस-आठवड्यांत. ज्यांचं आयजीजी आहे त्यांना बहुधा उशिरा, किंवा येतच नाही. उशिरा का होईना येतो, कारण आयजीई हटली की पेशीवरचे रिसेप्टर हळूहळू कमी होतात, आणि आयजीजीला धरायला उरतं काय? या दुसऱ्या गटात रक्तातली एकूण आयजीई बऱ्याचदा कमी आणि थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी जास्त दिसतात. म्हणून काही डॉक्टर त्या दोन साध्या तपासण्या करतात. अकरा वस्तूंच्या यादीपेक्षा त्यांतून जास्त कळतं.

आणखी एक पात्र राहिलं, बेसोफिल. मास्ट पेशीची रक्तात फिरणारी चुलत बहीण म्हणा. तिच्यातही हिस्टामिन, तिच्यावरही तोच आयजीईचा रिसेप्टर. जुनाट गांधीच्या रुग्णांच्या रक्तात बेसोफिल कमी भरतात, हे साठच्या दशकापासून माहीत आहे. त्या मरत नाहीत, त्वचेत जाऊन बसतात. गांधीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर रक्तवाहिन्यांभोवती टी पेशी, इओसिनोफिल, बेसोफिल, न्यूट्रोफिल अशी पांढऱ्या पेशींची जत्रा दिसते. मास्ट पेशी नुसतं हिस्टामिन ओतून गप्प बसत नाही, पुढच्या काही तासांत ल्युकोट्रीन, प्रोस्टाग्लँडिन, सायटोकाइन अशी बोलावणी धाडते. ही जमलेली मंडळी वातावरण तापतं ठेवतात. हिस्टामिनविरोधी गोळी काहींना अपुरी पडते त्यामागे हेही एक कारण. म्हणून आता औषधं वरच्या पायऱ्यांवर नेम धरताहेत. रिसेप्टर ओढला गेल्यावर पेशीच्या आत जो निरोप जातो त्यातला बीटीके हा दुवा अडवणारं रेमिब्रुटिनिब आणि आयएल-4 व आयएल-13 अडवणारं ड्युपिलुमॅब, या दोघांना या आजारासाठी 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.


शेपूट :

बरं मग ही मास्ट पेशी हवीच कशाला? एवढी त्रासदायक असेल तर काढून टाका सगळ्या.


पेशींची_पेशवीण :

@शेपूट, हसू नका, त्याही दिशेने प्रयत्न चालू आहेत. या पेशींना जगायला किट नावाच्या रिसेप्टरमधून सतत निरोप लागतो, तो तोडून त्यांची संख्या घटवणारं औषध चाचण्यांत आहे. पण निसर्गाने ती वाया ठेवलेली नाही. आतड्यातले जंत हुसकावण्यात तिचा हात आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत तर तिची एन्झाइम्स सापाच्या विषाचे तुकडे करून प्राण वाचवताना दिसली आहेत.


दुपारची_झोप :

म्हणजे खरोखर साप आला तर हीच उपयोगी. वरती तुम्हीच 'साप समजून भुई' म्हणालात!


गुडघ्याला_बाशिंग :

खिक्क.


नवखी_पणती :

नवीन सदस्य आहे. मला गांधी येतात पण एकेक दोन-तीन दिवस राहते, खाजेपेक्षा दुखते जास्त, आणि गेल्यावर काळपट डाग राहतो. हेच का ते?


पेशींची_पेशवीण :

@नवखी_पणती, धाग्यावर थांबू नका, त्वचेच्या डॉक्टरांना लवकर दाखवा आणि हेच तिन्ही मुद्दे याच शब्दांत सांगा. चोवीस तासांच्या वर टिकणारी, दुखणारी, डाग ठेवणारी गांध असेल तर रक्तवाहिनीच्याच भिंतीला दाह आहे का ते तुकडा काढून बघतात. गांधींबरोबर धाप, घोगरा आवाज, गरगरणं असं कोणाला झालं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट तातडीच्या विभागात.


अर्धविराम :

@नवखी_पणती, गांधीभोवती पेनाने कड काढून तारीख-वेळ लिहा आणि फोटो काढा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत. डॉक्टरांना दाखवायला याहून चांगलं काही नाही. @खाजरी_संध्याकाळ, तुम्हीही काढा, म्हणजे 'दाखवायला काही नसतं' ही अडचण जाईल.


खाजरी_संध्याकाळ :

पाच आठवड्यांनी धागा वर आणते आहे.

गोळी रोज, आता दिवसाला दोन. रोज रात्री गांधी किती आणि खाज किती याला शून्य ते तीन गुण द्यायचे आणि आठवड्याची बेरीज करायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. जास्तीत जास्त 42 होतात. सुरुवातीला माझे 33 होते, गेल्या आठवड्यात 14. ओठ एकदाही सुजला नाही. थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी वाढलेल्या निघाल्या, एकूण आयजीई अगदी कमी. म्हणजे @पेशींची_पेशवीण, माझं बोट बहुधा तुमच्या दुसऱ्या वाटेवरचं. थायरॉइड सध्या ठीक आहे, वर्षातून एकदा बघायचं. पट्टा सैल बांधते, तिथल्या जवळजवळ थांबल्या.

संध्याकाळीच का, हे अजून पूर्ण कळलेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, बऱ्याच जणांचं संध्याकाळी-रात्रीच वाढतं. शरीरातलं स्वतःचं कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं आणि रात्री तळाला जातं, त्याचा हात असू शकतो. किती दिवस चालणार विचारलं, तर तारीख कोणी देत नाही, पण बहुतेकांचं काही महिन्यांत किंवा वर्षांत आपसूक थांबतं म्हणाल्या.

आणि हो, अकरापैकी दहा गोष्टी परत सुरू केल्या. एकाही गोष्टीने काही झालं नाही. वजन चार किलो परत.


उगाचच :

अभिनंदन! अकरावी कोणती ते विचारत नाही.


खाजरी_संध्याकाळ :

@उगाचच, कालच भिंतीवर दिसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि सोडून दिलं.


वाटाड्या :

मी मेहुण्याला परत विचारलं. तो रंग बंद केल्यावर थांबलं होतं खरं, पण त्याच महिन्यात त्याने रोजची गोळीही सुरू केली होती. हे त्याने आत्ता सांगितलं, दोन वर्षांनी.


तिरकी_रेघ :

@वाटाड्या, मेहुण्याला धाग्यावर बोलवा. हातावर लिहून घेऊ.